आडवं पडण्याजोगा किनारा

आमच्या लोहाऱ्यात समुद्र कुणी पाहिलेला नाही, त्यामुळं समुद्राची माहिती प्रत्येकाला आहे. हे मला कळलं गेल्या पौषात. दुकानाच्या ओट्यावर बसून मी सहज म्हणालो, "मंडळींना घेऊन दर्यावर जावं म्हणतो, हवापालटाला. कुठला किनारा चांगला?"

दुकान माझं कापडाचं, तहसील कचेरीच्या समोर. कचेरीत काम असलेला आणि नसलेला, दोन्ही प्रकारचा माणूस माझ्या ओट्यावर टेकतो. लढाई संपून दीड वर्ष झालं तरी कापड रेशनवरच होतं. तेव्हा ओट्यावर विकणं थोडं आणि बोलणं फार.

कचेरीतले मुनशीजी पानाची पिचकारी टाकून म्हणाले, "सेठ, बंबईच जाना. उधर किनारे कू पत्थर का कठडा है, आदमी गिरताच नै."

आमच्या मठाचे जंगमस्वामी म्हणाले, "अप्पा, गोकर्णाला जा. महाबळेश्वराचं दर्शन होतंय, अन् बुडी मारली की औषध बी होतंय. एका हेलपाट्यात दोन कामं."

शेजारचे पाटील दोघांकडं कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "ही दोन्ही इंग्रजाची गावं. परदेशी जायचंच तर गोव्याला जावा. तिथं फिरंगी हाय. राज्य निराळं, राजा निराळा, हवा बी निराळी."

"तुम्ही पाहिलाय गोवा?"

"म्या कशाला पाहू? माझ्या साडूच्या मामानं पाहिलाय."

आम्हा मोगलाईतल्या, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या, लोकांना परदेश फार जवळ आहे. सोलापूरच्या अलीकडं हद्दीचा नाका ओलांडला की झाला परदेश. त्यामुळं सोलापूरला जाऊन आलेला माणूसही आमच्याकडं जरा टोपी तिरकी घालतो. पण समुद्र म्हणजे परदेशाच्याही पलीकडचं काहीतरी होतं.

हा उपद्व्याप कशासाठी, ते आता सांगतो. माझी पत्नी नीलव्वा हिला चार वर्षांपासून धाप लागते. खळं सुरू झालं की ज्वारीचा भुसा उडतो, आणि तिच्या छातीत कुणीतरी शिट्टी वाजवत बसतं. ती शिट्टी घेऊन ती दिवसभर सगळं घर चालवते, सुना वाटेवर ठेवते, मलाही ठेवते. पण पाठ टेकली की श्वास अडतो. म्हणून चार वर्षं ती बसूनच झोपते. अंथरुणाची घट्ट वळकटी बांधायची, भिंतीला लावायची आणि तिला टेकून डोळे मिटायचे. ही वळकटी आमच्या घरात तिसऱ्या माणसासारखी वावरते.

सोलापूरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं. मग नळीचं टोक माझ्या कानात घालून म्हणाले, "तुम्हीही ऐका." मी ऐकलं आणि खाली बघितलं.

"औषधानं आता एवढंच होईल," डॉक्टर म्हणाले. "समुद्राची हवा मानवते का बघा. मानवली तर दरसाल खळ्याचे दोन महिने तिकडं राहायचं. नाही मानवली तर..." त्यांनी नळी पेटीत ठेवून झाकण लावलं.

"पण कुठला समुद्र?" मी विचारलं.

"ज्या किनाऱ्यावर ह्या आडव्या होऊन झोपतील तो. बाकी वाळू सगळीकडं सारखीच."

तर वाचकहो, माझी फूटपट्टी ही. दुसरा कुणी प्रवासी किनाऱ्याची शोभा बघेल, नारळीची झाडं मोजेल. मला नीलव्वाची पाठ जमिनीला लागलेली पाहायची होती. कुस्तीत पाठ लागली की माणूस हरतो. आमच्या घरी हिशेब उलटा होता.

सोलापुरात खोबऱ्याचा व्यापार करणारे एक रत्नागिरीकडचे मियां माझ्या ओळखीचे. त्यांनी मेव्हण्याचा पत्ता दिला, दाऊद सारंग. तीस वर्षं आगबोटीवर खलाशांचे म्होरके होते, आता गावी असतात, घर बघून ठेवतील. मी लगेच पत्र लिहायला बसलो. मराठीत लिहिता आलं असतं. पण निजामाच्या राज्यातला माणूस परमुलखातल्या सारंगाला पहिलंच पत्र लिहिणार आणि तेही साध्या मराठीत? माझी उर्दू कचेरीच्या पायरीवर आणि उरुसाच्या कव्वालीत झालेली. तिच्यात शब्द थोडे, पण जे आहेत ते भरजरी. मी लिहिलं, "जनाब, लब-ए-दरिया एक मकान चाहिए. ऐन लब-ए-दरिया." म्हणजे दर्याच्या अगदी ओठावर! लिहून झाल्यावर मी ते नीलव्वाला हातवारे करून ऐकवलं.

"समुद्राला ओठ असतेत व्हय?" ती म्हणाली. "मग मिशा बी असतील."

उत्तर आठ दिवसांत आलं. मकान तयार आहे, ऐन लब-ए-दरिया. बेत असा ठरला की आधी गोवा बघायचा, तिथून आगबोटीनं रत्नागिरी गाठायची, आणि जिथं पाठ लागेल तिथं थांबायचं.

हद्दीचा नाका

नळदुर्गाच्या पुढं नाक्यावर मोटार थांबली. करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, तरुण कारकून आमच्या सामानाभोवती फिरला. वळकटी त्यानं तीनदा दाबून पाहिली. एवढ्या घट्ट बांधलेल्या वस्तूत काहीतरी असणारच, असा त्याचा समज.

"कां जारे, सेठ?"

"दरिया देखने कू," मी छाती काढून सांगितलं.

तो माझ्याकडं बघतच राहिला. "दरिया देखने? बिस्तर लेके? परदेस?"

"हां."

"अपने नळदुर्ग में दरिया नै क्या? किल्ले के पेट में से बहता. देखे नै?"

मला त्याची दया आली. बिचारा हद्दीवर बसून बसून भ्रमिष्ट झालाय, नळदुर्गाच्या बोरी नदीला दर्या म्हणतोय. मी नीलव्वाला हळूच म्हणालो, "पोराचं लग्न करायला पाहिजे." त्यानंही माझ्याकडं तसंच काहीसं बघितलं आणि आम्हाला सोडलं.

फिरंग्याच्या राज्यात

होटगीला गाडी बदलली आणि माझं राज्य संपलं. तिथून पुढं सगळा कानडी मुलूख. नीलव्वा गुलबर्ग्याकडची, हुबळीपर्यंत तीच सेनापती आणि मी हमाल. स्टेशनात उतरून ती ताक मिळवी, बसायला जागा मिळवी, भांडणही मिळवी, आणि जिंकून परत येई. शिट्टी मात्र चालूच होती. डब्यातल्या एका बाईनं तर विचारलं, "पेटीत पाखरू आहे का हो?"

घाट उतरताना गाडीला खेटून एक प्रचंड धबधबा आला. नीलव्वानं खिडकीतून डोकं काढलं आणि लगेच आत घेतलं. "हाच का समुद्र? कुणी उभा करून ठेवलाय?"

कुळें नावाच्या स्टेशनात फिरंग्याची जकात. गोऱ्या साहेबानं आमची पिशवी उघडली. आत नीलव्वानं केलेल्या कडक भाकरी, चार डझन. आमच्याकडच्या वाचकांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो: ही भाकरी कागदासारखी पातळ आणि कौलासारखी कडक असते, महिनाभर टिकते. साहेबानं एक उचलली, बोटानं वाजवली. टक टक. दुभाष्या शिपायाला काहीतरी म्हणाला.

"साहेब विचारतात, या थाळ्या कसल्या?"

"थाळ्या नव्हेत. अन्न आहे."

साहेबाचा विश्वास बसेना. आता, गेली अठरा वर्षं जत्रेच्या नाटकात मी राक्षसांची कामं करतो. मी फलाटावर मधोमध उभा राहिलो, भाकरी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली, सगळ्यांना दाखवली आणि कडाडकन चावा घेतला. तो आवाज इंजिनापर्यंत गेला असावा. साहेब हसला, स्वतः एक तुकडा मोडून घेतला, शेंगाचटणीला लावला, आणि डोळे पुसत पुसत आम्हाला जा म्हणाला.

मडगावाहून कोळव्याचा किनारा जवळच. तिथं फिलोमेना नावाच्या एका बाईंच्या घरी खोली मिळाली. झगा घातलेली, साठीची, कमरेवर हात ठेवून बोलणारी बाई. दारातच तिनं विचारलं, "तुमी शिवराक?"

मी थक्क झालो. फिरंग्याच्या राज्यात, गळ्यात क्रूस घातलेली बाई, आणि आम्हाला बघताक्षणीच ओळखते! मी गळ्यातल्या लिंगाच्या डबीला हात लावून म्हणालो, "व्हय बाई, शिवाचेच. पिढ्यान् पिढ्या."

"बरें, बरें. शिवराक जेवण आसा."

मग पानात लाल भोपळ्याची भाजी आली, नारळाच्या रसातली डाळ आली, भात आला. मासळीचं नाव नाही. मी नीलव्वाला म्हणालो, "बघ, शिवभक्तांसाठी वेगळा स्वयंपाक करतात." तिसऱ्या दिवशी कळलं की त्यांच्या भाषेत शिवराक म्हणजे नुसतं मांसमच्छी न खाणारा. शिवाचा काही संबंध नाही. पण तीन दिवस मी त्या घरात जवळजवळ गुरूसारखा वावरलो होतो, ते काही परत घेता येईना.

समुद्र आम्ही पहिल्यांदा पाहिला तो या कोळव्याला, सकाळच्या उन्हात. मी नाटकातलं एक स्वगत तयार ठेवलं होतं. पहिली ओळ गर्जलोही. पण माझ्यापेक्षा मोठ्या आवाजाचं पात्र समोर असल्याचं लक्षात आलं आणि आयुष्यात प्रथमच मी स्टेज सोडला. नीलव्वा पदर धरून पुष्कळ वेळ उभी होती.

"एवढं पाणी," ती शेवटी म्हणाली, "अन् एक मोट न्हाय."

पहिल्या सकाळी तिचा श्वास हलका होता. मी मनातल्या मनात तोरणं लावली. पण दुपारी कोळ्यांनी वाळूवर बांगडे पसरले, वारा फिरला आणि घराच्या दिशेनं यायला लागला. वासानं नीलव्वाला खोकला सुटला तो संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. वळकटी भिंतीला लागलेली ती लागलेलीच. कोळव्याइतकी सुंदर वाळू मी पुढं पाहिली नाही, हे कबूल करतो. पण सुंदर वाळूवर माझं काम नव्हतं.

"बाई," मी फिलोमेनाला विचारलं, "मासळी वाळवत नाहीत असा किनारा कुठं असेल?"

ती कमरेवर हात ठेवून मनसोक्त हसली. "नुस्तें ना तो दर्या कित्याक?" म्हणजे, मासळी नाही तो दर्या हवा कशाला? निघताना मात्र तिनं नीलव्वाच्या पाठीवरून हात फिरवला आणि एक नारळ बांधून दिला.

आगबोट

पणजीहून आगबोट निघाली आणि अर्ध्या तासात मला बोट लागली. राक्षसांची कामं करणारा माणूस पोतेऱ्यासारखा कठड्यावर वाळत पडला. आजूबाजूला सगळे तसेच. आडवं पडावं तर पोट वर येई, उभं राहावं तर पाय खाली जात. सबंध बोटीवर एकच माणूस स्वस्थ होता. नीलव्वा वळकटीला टेकून, मांडी घालून, मान जराशी कलती करून झोपली होती.

एक मालवणी म्हातारा कण्हत कण्हत म्हणाला, "ही बाय कोण हो? जल्मभर बोटीर होती काय?"

"नाही," मी म्हणालो. "चार वर्षांची तालीम आहे."

लब-ए-दरिया

रत्नागिरीला पडावातून उतरलो तर छत्री हातात घेऊन दाऊद सारंग उभे. उंच, वाकडे पाय, मेंदी लावलेली दाढी. त्यांनी मला वाकून सलाम केला. "हुजूर, तुमचा खत मी मोहल्ल्यात वाचून दाखवला. काय उर्दू! तीन माणसांनी नक्कल करून घेतली."

मी नम्रपणे खाली पाहिलं. नीलव्वानं वर पाहिलं.

त्यांनी आम्हाला होडीत बसवलं आणि होडी खाडीतून आत निघाली. समुद्र पाठीमागं राहिला. मग एक वळण आलं आणि समुद्र दिसेनासा झाला. दुसऱ्या वळणाला ऐकूही येईना. दोन्ही बाजूंना झाडीचे डोंगर. मला वाटलं, वळसा घालून जायचं असेल. तासाभरानं एका पोफळीच्या वाडीपाशी होडी लागली. ठेंगणं, शाकारलेलं, स्वच्छ घर. पायरीला नदीचं पाणी चाटतंय.

"घ्या," सारंग म्हणाले. "ऐन लब-ए-दरिया."

"सारंगसाहेब, दर्या कुठं आहे?"

"हा काय." त्यांनी नदीकडं बोट दाखवलं.

"ही नदी आहे."

"मग दरिया म्हणजे काय?"

सारंगांचा चेहरा हळूहळू उतरला. "शेटजी, मराठीत 'दर्या' लिहिला असतात तर मी समुद्र समजलो असतो. आम्हीपण समुद्राला दर्याच म्हणतो. पण उर्दूत दरिया म्हणजे नदी. आता एवढी खानदानी उर्दू लिहिणारा माणूस चुकीचा शब्द लिहील, असं मला कसं वाटावं? मी तर समुद्रावर मिळत असलेलं घर नाकारलं आणि तुमच्यासाठी हे शोधून काढलं!"

मला नाक्यावरचा तो कारकून आठवला. तो मला वेडा समजत होता आणि मी त्याला. बरोबर तो होता.

नीलव्वा पायरीवर बसली आणि हसायला लागली. "अय्य शिवने! समुद्र बघायला निघाले, अन् नदीवर आणून बसिवले. ओठ चुकला की ओ तुमचा!" ती हसता हसता लाल झाली, मग हसण्याचा खोकला झाला, खोकल्याची धाप झाली. सारंग पाणी आणायला धावले. मी तिच्या पाठीमागं वळकटी लावली. ती टेकली, डोळे मिटून एकेक श्वास ओढू लागली. तेव्हा सारंगांना मी सगळं सांगितलं. डॉक्टरांचं, चार वर्षांचं, कोळव्याच्या मासळीचं.

ते दाढी धरून बसले. "शहराजवळ घर बघून देईन. पण तिथं प्रत्येक किनाऱ्यावर होड्या आहेत. होडी आली की मासळी आली."

"मग?"

"मग तुम्हाला असा किनारा पाहिजे, जिथं होडी लागत नाय." ते मांडीवर थाप मारून उठले. "एक हाय! या नदीच्या दुसऱ्या तोंडावर, आपण आलो ते नव्हे. वाळूचा दांडा आडवा आलाय. समुद्राकडनं होडी आली की लाटेत उलटते, म्हणून कोळी तिथं फिरकत नायत. गावातनं रस्ताही नाय. फक्त या अंगानं, नदीतनं जाता येतं. शेटजी, या घरात राहिलेल्या माणसालाच तो किनारा आहे."

नदीच्या तोंडावर

दुसऱ्या दिवसापासून सारंग आम्हाला रोज सकाळी होडीतून तिथं नेऊ लागले. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये बैलगाडीच्या वाटेसारखी रुंद, लांबलचक वाळू. माणूस नाही, मासळी नाही. लहान लहान खेकडे वाळूच्या गोळ्या करून रांगोळीचे ठिपके मांडत आणि आम्ही गेलो की बिळात शिरत. नीलव्वा ते ठिपके न पुसता पाय टाकी.

ओहोटीच्या वेळी नदीचं पाणी गोडं असतं. त्यानं ती लिंगपूजा करी, वाळूवर मांडी घालून, तळहातावर लिंग घेऊन. त्याच सुमाराला दांड्याच्या दुसऱ्या टोकाला सारंग चटई अंथरून नमाजाला उभे राहत. दोघांची तोंडं दोन दिशांना. मी मधोमध बसून हरभऱ्याचे फुटाणे खात असे. तेवढं एकच काम माझ्या वाट्याला आलं होतं.

गावाकडं त्या दिवसांत लोक एकमेकांकडं जरा जपून बघायला लागले होते. कुणाचं राज्य जाणार, कुणाचं येणार, याच्या गोष्टी ओट्यावर हलक्या आवाजात चालत. त्या वाळूवर बसून मला वाटे, आमच्या ओट्यालाही असं रुंद व्हायला काय हरकत आहे?

पहिल्या दिवशी नीलव्वा बारा पावलं चालली आणि बसली. दुसऱ्या दिवशी होडीपासून पार टोकापर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी तिनं सारंगांशी वाद घातला की भाकरी थापावी की लाटावी, आणि तो वाद तिनं एका दमात जिंकला. शिट्टी बारीक झाली होती. पण रात्री वळकटी होतीच. मी काही बोललो नाही. आशेचं बोललं की तिला दृष्ट लागते, असं मला नाटकवाल्याला पक्कं माहीत आहे.

चौथ्या दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर ती नेहमीसारखी वळकटीला टेकून बसली. वळकटीमागं भिंत नव्हती, वाळूचा उंचवटा होता. मी तिच्यावर छत्री धरून तिला एका जत्रेची गोष्ट सांगत होतो. गोष्ट रंगात आली आणि पाहिलं, तर ती झोपलेली. थोड्या वेळानं पाठीमागची वाळू सरकली. वळकटी हळूच निसटली आणि घरंगळत बाजूला गेली. नीलव्वा तिच्याबरोबर खाली खाली सरकली आणि सपाट झाली.

मी श्वास धरला. आता उठेल, आता खोकेल, आता उरावर हात ठेवून हवा शोधेल. काही झालं नाही. छाती वर आली, खाली गेली. मी कान तिच्या तोंडापाशी नेला. शिट्टी ऐकू येईना. समुद्राच्या आवाजात बुडाली असेल म्हणून आणखी जवळ गेलो. नव्हतीच.

सारंग होडी आवळून माझ्यामागं येऊन उभे राहिले. "शेटजी, बाईंना उठवा. भरती लागलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी चढणार. अर्ध्या घटकेत इथं येईल."

मी वळून पाहिलं. सकाळी पन्नास हातांवर असलेली लाट दहा हातांवर आली होती. भरती हा शब्द मला पाठ होता. पण ती अशी झोपलेल्या बाईमाणसाच्या पायांशी येते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

"उठवणार नाही," मी म्हणालो. माझा आवाज चार गल्ल्यांना ऐकू जातो. त्या दिवशी आयुष्यात प्रथमच मी कुजबुजत भांडलो.

"अहो, दर्या कुणाचं ऐकत नाय!"

"चार वर्षं मी हिच्या छातीची शिट्टी ऐकतोय. आज ती थांबलीय. आणि तुम्ही मला हिला उठवायला सांगताय?"

लाट आणखी एक हात पुढं आली. आता मी दुकानदार असलो तरी रानात वाढलेला. आमच्याकडं पाणी नको तिकडं निघालं की माणूस विचार करत नाही, गुडघ्यावर बसतो आणि बांध घालतो. मीही बसलो. दोन्ही हातांनी ओली वाळू ओढली, नीलव्वाच्या पायांपलीकडं अर्धगोल बांध घातला, वरून थापटला, कडेनं पाणी निघून जायला दांड काढला. लाट आली, बांधाला धडकली, माघारी गेली. मी सारंगांकडं विजयानं पाहिलं. दुसरी लाट आली आणि अर्धा बांध घेऊन गेली.

तीस वर्षं समुद्रावर काढलेला तो माणूस मला हसणार, असं मला वाटलं. ते खाली वाकले, होडीचं वल्हं आडवं धरलं आणि फावड्यासारखी वाळू ओढायला लागले. "तुमच्याकडं बांध केवढा रुंद घालतात?" त्यांनी विचारलं.

"दोन हात."

"मग घाला की दोन हात. सांगत काय बसलात?"

आम्ही दोन म्हातारे होत चाललेले पुरुष अख्ख्या अरबी समुद्राला बांध घालत होतो. माझ्या धोतराचा चिखल झाला, टोपी वाहून गेली. बांध फुटला की मी बुजवायचा, मी बुजवला की समुद्रानं फोडायचा. शेवटी एक मोठी लाट आली. तिनं बांध, दांड, वल्हं, सगळं एका दमात ओलांडलं आणि नीलव्वाचे पाय घोट्यापर्यंत भिजवले.

तिनं डोळे उघडले. गुडघ्यावर बसलेल्या, हातभर चिखलात माखलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. दाढीतून पाणी गळणाऱ्या सारंगांकडं पाहिलं. बांधाकडं पाहिलं. उठून बसली नाही.

"अवो," ती म्हणाली, "ते पाणी पल्याडच्या सरीला सोडा. मला आजून निजायचंय."

आणि पाय वर ओढून घेऊन ती कुशीवर वळली.